जुना संगणक सुरू होता होता कुठे बंद पडतो, ते आधी पाहावे

जुना संगणक सुरू होता होता बंद पडत असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट नीट पाहावी: तो दर वेळी एकाच ठिकाणी, म्हणजे सुरू होण्याच्या एकाच टप्प्यावर, बंद पडतो, की बंद पडण्याची जागा बदलत राहते? चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या आसपासच्या खेड्यांत शाळांमधून, वाचनालयांमधून आणि सेवा सोसायट्यांमधून जे जुने संगणक अजून कामावर आहेत, ते पाहताना मला या एका निरीक्षणाचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही सॉफ्टवेअरचा झालेला नाही. तरीही हे निरीक्षण सहसा कुणी करत नाही. संगणक चालू होत नाही असे दिसले की डबा गाडीवर बांधून तालुक्याला न्यायचा आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ असे सांगायचे, ही पद्धत इकडे चांगलीच रुळली आहे. फॉरमॅट केल्यावर विंडोजसोबत आपले लिखाण, फोटो आणि नोंदीही जातात, हे अनेकांना डबा परत आल्यावर कळते. आणि ज्या दोषासाठी हे सारे गमावले, तो दोष बहुधा विंडोजमध्ये नव्हताच, हे तर कधीच कळत नाही.

बंद पडण्याच्या जागेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी बटण दाबल्यानंतर आत काय घडते ते पाहायला हवे. प्रथम एसएमपीएस (भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलून देणारा भाग) आपली व्होल्टेजे स्थिर करतो आणि ती स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांनी, मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ नावाचा संकेत देतो. हा संकेत मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. त्यानंतर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेले सुरुवातीचे सॉफ्टवेअर, रॅम, कीबोर्ड आणि डिस्क यांची तपासणी करते, डिस्कच्या सुरुवातीच्या भागातून विंडोजचा आरंभीचा कार्यक्रम उचलला जातो, मग विंडोजचा गाभा आणि एकामागून एक ड्रायव्हर (यंत्राचा एकेक भाग चालवणारे छोटे कार्यक्रम) रॅममध्ये येतात आणि शेवटी नाव-पासवर्डचा पडदा दिसतो. या सगळ्या काळात विजेची मागणी सारखी राहत नाही. हार्डडिस्कची मोटर थांबलेल्या अवस्थेतून वेग घेते तेव्हा ती १२ व्होल्टच्या तारेतून काही क्षण दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबू लागतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागा होताच त्याचा भार आणखी वाढतो. म्हणून दमलेला एसएमपीएस नेमका सुरू होण्याच्या वेळी मान टाकतो. मात्र तो आज बायोसच्या पडद्यावर टाकेल, उद्या विंडोजच्या चिन्हावर आणि परवा कदाचित टाकणारही नाही. रॅममधला दोष किंवा उष्णतेचा त्रासही असाच जागा बदलतो. खराब झालेली फाइल, न जुळणारा ड्रायव्हर किंवा बदललेली सेटिंग यांचे तसे नसते. विंडोज रोज त्याच क्रमाने त्याच फाइली वाचते, त्यामुळे अडायचे असेल तर ते तिथेच अडते. जागा हलत असेल तर वीज, उष्णता आणि रॅम यांच्याकडे पाहावे आणि जागा स्थिर असेल तर डिस्क, ड्रायव्हर आणि सेटिंग यांच्याकडे, असा हा साधा विभाग आहे. अपवाद असतात, परंतु सुरुवात करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

याची खात्री करण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग आहे. संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायोसच्या सेटिंगमध्ये शिरावे आणि काहीही न बदलता तो पडदा वीस-पंचवीस मिनिटे तसाच ठेवावा. या अवस्थेत विंडोजचा एक अक्षरभरही भाग चालू नसतो. तिथेच संगणक बंद पडला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला, तर विंडोज निर्दोष ठरते आणि फॉरमॅटचा विषय संपतो. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान आणि एसएमपीएसची व्होल्टेजेही दिसतात. ते आकडे फार काटेकोर नसतात, पण बसल्या जागी तापमान चढत चालले आहे का, एवढे कळायला पुरेसे असतात.

गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस, उन्हाळी धानाची रोवणी सुरू असताना, शेजारच्या गावातील वाचनालयाचा संगणक मी पाहिला, तेव्हा या सर्व गोष्टी एकाच यंत्रात एकामागून एक समोर आल्या. ते ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. एका कार्यालयाने वापरून झाल्यावर देणगी दिलेला कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा, विंडोज ७ असलेला संगणक त्यांच्याकडे आहे. त्यात पुस्तकांची दाखल नोंदवही आणि सभासदांच्या नोंदी आहेतच, शिवाय वाचनालयाचे सचिव असलेल्या निवृत्त गुरुजींनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून टाइप केलेली दंडारीची, म्हणजे इकडच्या लोकनाट्याची, गाणी आहेत. त्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. गाणी सांगणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत. तालुक्याच्या दुकानातून ‘विंडोज उडाले, फॉरमॅट करावे लागेल’ असा सल्ला मिळाला होता आणि गुरुजींनी तो केवळ गाण्यांच्या काळजीने थांबवून धरला होता. ‘चालू होते न् आपोआप बंद होते, भाऊ. कधी झेंडा दिसते, कधी तेही नाही दिसत,’ असे त्यांनी सांगितले. झेंडा म्हणजे विंडोजचे चिन्ह. या वाक्याच्या उत्तरार्धात जवळजवळ संपूर्ण निदान होते.

तरीही पहिले काम निदानाचे नव्हते. यंत्र कसेही असो, आतला मजकूर आधी बाहेर काढावा आणि मगच प्रयोग करावेत, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. हार्डडिस्क काढून ती माझ्या संगणकाला दुय्यम डिस्क म्हणून जोडली आणि सारे फोल्डर दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतले. डिस्क काढणे जमण्यासारखे नसेल, तर पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) वापरून, डिस्कला धक्का न लावता, मजकूर उचलता येतो. प्रत झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची प्रकृती पाहिली. डिस्क स्वतःच्या चुकांची मोजणी ठेवत असते. तिच्यातील १९७ क्रमांकाची नोंद वाचता न आलेल्या, निर्णयाच्या प्रतीक्षेतील सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या मजकूर साठवणाऱ्या छोट्या कप्प्यांची, असते, ५ क्रमांकाची बदलून टाकलेल्या सेक्टरांची, तर १९९ क्रमांकाची नोंद डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या संदेशांत झालेल्या चुकांची असते. ही शेवटची नोंद वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या केबलचा असतो आणि शंभर-दीडशे रुपयांत काम भागते. इथे १९७ ची नोंद शून्य होती. डिस्क वयाच्या मानाने चांगली होती.

आता विजेकडे वळतो, कारण आपल्या भागात जुन्या संगणकांचे सर्वांत मोठे दुखणे तेच आहे. आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला आहे. परंतु जिथे गावठाण आणि शेतीपंप एकाच डीपीवर आहेत, तिथे उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत पंप चालू झाले की व्होल्टेज बरेच खाली येते. वाचनालयाच्या सॉकेटमध्ये सायंकाळी १८५ व्होल्टच्या आसपास मिळत होते. अनेक एसएमपीएसवरच्या चिठ्ठीवर २०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. नवा, चांगल्या प्रतीचा एसएमपीएस त्याखालीही तग धरतो, जुना धरत नाही. संगणकाला स्टॅबिलायझर लावण्याऐवजी वाचनालयात तो दूरदर्शन संचाला लावलेला होता, तो आधी इकडे आणवला. त्याने त्रास कमी झाला, पण संपला नाही. विशेषतः सकाळी पहिल्या वेळी संगणक हमखास बंद पडे आणि काही प्रयत्नांनंतर एकदाचा चालू झाला की दिवसभर चालत राही.

थंड असताना अडणारे आणि थोडे तापल्यावर चालणारे यंत्र पाहिले की माझा संशय थेट कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांवर, जातो. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरच्या आत एक द्रव असतो. वर्षांनुवर्षे उष्णता खाऊन तो आटत जातो, तसा कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. आणि थंडीत तो आणखी वाढलेला असतो. यंत्र काही वेळ चालून कॅपॅसिटर कोमट झाले की रोध कमी होतो आणि काम निभावते. या कॅपॅसिटरांबाबत अभियंते एक ढोबळ हिशेब मांडतात की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीतील बंद डब्यात त्याहून किती अधिक असेल, याची कल्पना करता येईल. थंड प्रदेशासाठी सांगितलेले आयुष्यमान आपल्या यंत्रांना लावू नये, असे मला वाटते ते यामुळेच. १९९९ ते २००७ या काळात तर सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले होते आणि ते अकाली फुगून फुटत असत. ओळख सोपी आहे: कॅपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, ते डोके सपाट असायला हवे. ते घुमटासारखे वर आले असेल किंवा खाचेतून तपकिरी चीक बाहेर आला असेल, तर तो निकामी समजावा. वाचनालयाच्या मदरबोर्डवरचे सर्व कॅपॅसिटर सपाट होते. एसएमपीएसच्या जाळीतून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा आतले दोन स्पष्टपणे फुगलेले दिसले.

इथे एक इशारा कळकळीने देतो. एसएमपीएस उघडू नये. त्यातील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यानंतरही ती काही काळ तशीच राहू शकते. मोजमाप बाहेरूनच करावे. मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणाने) पिवळी तार आणि काळी तार यांच्यामध्ये १२ व्होल्ट, लाल आणि काळी यांच्यामध्ये ५ व्होल्ट, नारिंगी आणि काळी यांच्यामध्ये ३.३ व्होल्ट मिळायला हवेत आणि प्रत्येकात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली जाता कामा नये. बायोसच्या पडद्यावर ती ११.७ होती आणि विंडोजचे चिन्ह येताना ११ च्याही खाली घसरली. मात्र साधा मल्टिमीटर आकडा सावकाश दाखवतो, क्षणभराची घसरण त्याला दिसेलच असे नाही. त्यामुळे आकडे ठीक दिसले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. दुसरा चांगला एसएमपीएस काही वेळ जोडून पाहणे हाच त्यावरचा भरवशाचा पुरावा. तसा जोडल्यावर थंड सकाळीही संगणक पहिल्या प्रयत्नात बायोस ओलांडून पुढे गेला.

अर्थिंगविषयीही सांगायला हवे. डब्याला हात लावल्यावर चुणचुण जाणवते, अशी तक्रार खेड्यांत नेहमी ऐकू येते. एसएमपीएसच्या प्रवेशापाशी विजेतील खडखडाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात, त्यांचे मधले टोक डब्याच्या पत्र्याला जोडलेले असते. अर्थिंग असेल तर हा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर साधारण निम्म्या व्होल्टेजचा दाब राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने झटका जोराचा बसत नाही, पण प्रिंटर किंवा पेनड्राइव्ह जोडताना हाच दाब पोर्ट खराब करू शकतो आणि एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर अर्थिंगविना तो जिवावर बेतू शकतो. सुरू होताना बंद पडण्याचे हे मुख्य कारण क्वचितच असते, तरी वाचनालयाच्या अंगणात मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग घ्यायला लावले आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहण्यास सांगितले.

धुळीचा भाग सर्वांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या भागात राईस मिलच्या कोंड्याची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये घट्ट बसते. ब्लोअरने ती काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा. कोअर टू ड्युओच्या पिढीत अनेक यंत्रांमध्ये प्रोसेसरवरचा पंखा प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी मदरबोर्डमध्ये अडकवलेला असतो. त्यातली एक खुंटी जरी उचलली गेली, तरी पंखा फिरत राहतो आणि प्रोसेसर मात्र एका मिनिटात तापून स्वसंरक्षणासाठी बंद होतो. असा संगणक लगेच पुन्हा चालू केला तर आधीपेक्षा लवकर बंद पडतो, ही त्याची खूण. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पावसाळ्यानंतर खोडरबराने हलकेच पुसून, कण झटकून, पुन्हा नीट बसवाव्यात. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी. मेमटेस्ट८६+ हा मोफत कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालतो आणि त्यात एकही लाल चूक दिसली तरी ती रॅम बदलणेच योग्य.

नवा एसएमपीएस बसवल्यावर वाचनालयाच्या संगणकाचे वागणे बदलले, ते सुधारण्याऐवजी वरकरणी बिघडल्यासारखे दिसत होते. आता तो दर वेळी विंडोजच्या चिन्हावर, नेमक्या त्याच क्षणी, निळा पडदा क्षणभर दाखवून पुन्हा सुरू होत होता. गुरुजींचा चेहरा उतरला. मला मात्र समाधान वाटले, कारण जागा स्थिर झाली होती. विंडोज ७ मध्ये सुरुवातीला एफ-८ दाबून जी यादी येते, तीत बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणे थांबवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की निळा पडदा स्थिर राहतो आणि त्यावरचा क्रमांक वाचता येतो. इथे शेवटी ७बी होते. हा क्रमांक म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. डिस्क तर नुकतीच तपासलेली, चांगली होती.

खरे कारण मदरबोर्डवरच्या बटन सेलमध्ये होते. सीआर २०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल बायोसमधील सेटिंग आणि घड्याळ जिवंत ठेवतो. प्लगमध्ये वीज असली तर घड्याळाला ती मिळत राहते आणि सेल फारसा खर्च होत नाही, पण आपल्याकडे सायंकाळी भिंतीवरचे बटण बंद करण्याची, किंबहुना वादळी दिवसांत प्लगच काढून ठेवण्याची, चांगली सवय आहे आणि मग सारा भार एकट्या सेलवर पडतो. मोजल्यावर तो दोन व्होल्टच्या जवळ आलेला होता. एसएमपीएस बदलताना वीज पूर्ण तुटली आणि बायोस मूळ सेटिंगवर परतले. विंडोज बसवली गेली तेव्हा डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय ठेवलेली होती, ती आता आयडीई झाली होती. विंडोज ७ आपल्याला न लागणारा ड्रायव्हर सुरुवातीला चालू ठेवत नाही, त्यामुळे पद्धत बदलली की तिला डिस्क दिसेनाशी होते. नवा सेल घालून, तारीख दुरुस्त करून आणि पद्धत पुन्हा एएचसीआय करून संगणक सुरू केला, तेव्हा तो विनातक्रार शेवटपर्यंत गेला. बायोसचा पडदा तारीख मागची दाखवत असेल तर इतर काहीही करण्याआधी पन्नास रुपयांच्या आतला हा सेल बदलावा, आणि बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, म्हणजे मूळ सेटिंग काय होते याचा शोध घ्यावा लागत नाही.

जागा स्थिर असलेल्या दोषांत आणखी दोन गोष्टी वारंवार भेटतात. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज चालवण्याच्या पद्धतीत, सुरू करताना फाइलींची नावे एकाखाली एक सरकतात आणि पुष्कळदा क्लासपीएनपी या नावावर यादी थांबते. लोक त्या फाइलीला दोष देतात, ती बदलण्याचे उपाय शोधतात. वास्तविक ते नाव ती फाइल यशस्वीपणे आत आल्याचे सांगत असते. अडखळणारी गोष्ट तिच्यानंतरची असते आणि ती बहुधा डिस्क, तिची केबल किंवा यूएसबीला जोडून ठेवलेले एखादे उपकरण असते. दुसरी गोष्ट, ऐन लिहिताना वीज गेल्यामुळे विंडोजची नोंदणी, म्हणजे रजिस्ट्री, खराब होणे. विंडोज ७ या फाइलींची वेळोवेळी एक प्रत रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ती प्रत मूळ जागी ठेवली की फॉरमॅटविना संगणक उभा राहतो. विंडोज १० मध्ये २०१८ सालच्या १८०३ या आवृत्तीपासून ही प्रत आपोआप बनणे बंद झाले आहे, हे तिथे लक्षात घ्यावे. चेकडिस्क हा डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारा कार्यक्रम अनेक जण सर्वांत आधी चालवतात. डिस्क आजारी असेल तर तो तिला तासन्‌तास राबवतो आणि उरलासुरला मजकूरही धोक्यात येतो, म्हणून तो प्रत काढल्यानंतरच चालवावा.

एवढी मेहनत कोणत्या यंत्रावर घ्यावी, याचाही विचार करायला हवा. प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर फुगलेले असतील आणि ते बदलणारा कुशल कारागीर जवळ नसेल, तर मी डिस्क काढून घेऊन ते यंत्र निवृत्त करण्याचा सल्ला देतो. विंडोज ७ ला सुरक्षेची सुधारणा मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे. विंडोज ११ ची २०२४ सालची आवृत्ती कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. म्हणून वाचनालयाच्या संगणकाला इंटरनेट जोडलेले नाही. त्यावर नोंदवही आणि टायपिंग एवढेच चालते, दर महिन्याला दोन पेनड्राइव्हवर प्रत निघते आणि त्यातला एक गुरुजींच्या घरी राहतो. यूपीएसची बॅटरी दिवाळीनंतर बदलायची आहे; तोवर पंपांच्या वेळेत संगणक चालू करू नये, असे त्यांना सांगून ठेवले आहे.